हातातला बोर्ड आणि डोक्यातला प्रोग्राम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोग्रामिंगच्या संकल्पना आणि टेबलावरची छोटी उपकरणे यांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. दोन्ही विषय मुद्दाम एकाच पानावर ठेवले आहेत. कोडमधली वाटणारी चूक बऱ्याचदा वायरीत सापडते, आणि बोर्ड बिघडला असे वाटते तेव्हा खरा घोटाळा एखाद्या व्हेरिएबलच्या प्रकारात असतो. सुरुवातीचे प्रश्न नवशिक्यांचे आहेत, पुढचे अडवणुकीचे. एकाच गोष्टीचा संबंध दोन ठिकाणी येत असेल, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शिकायला सुरुवात करायची आहे. आधी भाषा निवडू की बोर्ड?

बोर्ड निवडा, भाषा त्याच्यामागून येते. पडद्यावर आकडे छापणारा प्रोग्राम चुकला तर चुकीचा आकडा दिसतो आणि आपण पुढे जातो. दिवा लुकलुकायचा थांबला, तर मात्र का थांबला हे शोधल्याशिवाय राहवत नाही. पूर्वी कधीच कोड लिहिला नसेल, तर रास्पबेरी पाय पिको आणि त्यावर मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीची पायथन भाषा) ही जोडी आम्ही सुचवतो. बोर्डावरचे ‘बूटसेल’ बटण दाबून धरून केबल जोडायची. संगणकाला बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यात मायक्रोपायथनची ‘यूएफ२’ फाइल टाकली की बोर्ड स्वतःच पुन्हा सुरू होतो. नंतर एकेक ओळ लिहून लगेच परिणाम पाहता येतो. सी किंवा सी++ची ओळख असेल तर आर्डुइनोपासून सुरू करा.

२. आर्डुइनो, ईएसपी३२, पिको आणि रास्पबेरी पाय यांत नेमका फरक काय?

पहिले तीन मायक्रोकंट्रोलर आहेत. त्यांवर तुमचा एकच प्रोग्राम चालतो, वीज आली की सुरू आणि गेली की बंद. रास्पबेरी पाय ४ किंवा ५ हा पूर्ण संगणक आहे. त्यावर लिनक्स चालते, फाइली असतात, एकाच वेळी अनेक कामे होतात आणि बंद करण्याचीही पद्धत असते (प्रश्न १७).

आकड्यांत सांगायचे तर आर्डुइनो उनो आर३ वर ८ बिटांची एटीमेगा३२८पी चिप आहे: १६ मेगाहर्ट्झ वेग, ३२ किलोबाइट फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी, प्रोग्राम ठेवण्याची मेमरी) आणि फक्त २ किलोबाइट रॅम (चालू कामापुरती मेमरी). पिकोवरच्या आरपी२०४० चिपमध्ये दोन कोअर आणि २६४ किलोबाइट रॅम. मूळ ईएसपी३२ मध्ये दोन कोअर, २४० मेगाहर्ट्झपर्यंत वेग, ५२० किलोबाइट रॅम, शिवाय वाय-फाय आणि ब्लूटूथ. सेन्सर वाचून माहिती बिनतारी पाठवायची असेल तर ईएसपी३२ घ्या. कॅमेऱ्याचे चित्र तपासायचे, वेब सर्व्हर किंवा डेटाबेस चालवायचा असेल तर पाय. उनो आर३ दुबळा आहे, पण मेमरी म्हणजे काय हे त्याच्याइतके चांगले कोणताच बोर्ड शिकवत नाही. त्यासाठीच तो आम्हाला आजही आवडतो.

३. बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकात पोर्ट दिसत नाही. बोर्ड खराब आहे का?

बहुधा नाही. या क्रमाने तपासा. आधी केबल बदला. अनेक केबलींत फक्त विजेच्या दोन तारा असतात, डेटाच्या तारा नसतातच. फोन जोडून त्यातल्या फाइली संगणकात दिसतात का पाहा. दिसल्या तर केबल ठीक. मग ड्रायव्हर: स्वस्त बोर्डांवर सीएच३४० किंवा सीपी२१०२ ही यूएसबी-सिरियल चिप असते आणि तिचा ड्रायव्हर काही संगणकांत वेगळा टाकावा लागतो. लिनक्सवर पोर्ट दिसतो पण उघडत नाही, असे असेल तर तुमच्या वापरकर्त्याला ‘डायलआउट’ गटात घाला, लॉगआउट करा आणि परत या. शेवटी, दुसरा एखादा प्रोग्राम तो पोर्ट धरून बसला नाही ना, ते बघा. आधी उघडून विसरलेला सिरियल मॉनिटर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणारी खिडकी) हेच कारण फार वेळा निघते.

४. सिरियल मॉनिटरवर अक्षरांऐवजी चौकोन आणि उलटीसुलटी चिन्हे येतात.

कोडमधला आणि मॉनिटरमधला बॉड रेट (माहिती पाठवण्याचा वेग) जुळत नाही. दोन्हीकडे ९६०० किंवा दोन्हीकडे १,१५,२०० ठेवा. ईएसपी३२ सुरू होतानाचे स्वतःचे संदेश १,१५,२०० वर येतात, म्हणून त्या बोर्डासाठी तोच आकडा पक्का करून टाका.

५. ०.१ आणि ०.२ मिळवले तर ०.३००००००००००००००४ येते. भाषेत दोष आहे का?

दोष नाही. बहुतेक भाषा दशांश संख्या आयईईई ७५४ या १९८५ सालच्या मानकानुसार दुहेरी पद्धतीत साठवतात. दशमान पद्धतीत १ भागिले ३ कधी संपत नाही, तसे दुहेरी पद्धतीत ०.१ कधी संपत नाही. मग ५३ अर्थपूर्ण बिटांपाशी ते तोडले जाते आणि तोडलेला तुकडा बेरजेत डोके वर काढतो.

व्यवहारात तीन गोष्टी पाळा. दोन दशांश संख्या ‘समान आहेत का’ असे कधी तपासू नका. त्यांच्यातला फरक ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आहे का, हे तपासा. पैशांचे हिशेब सर्वांत लहान एककात, पूर्णांकाने करा. आणि उनो आर३ वर ‘डबल’ लिहिले तरी मिळते ते ४ बाइटांचे ‘फ्लोट’च, म्हणजे जेमतेम सहा-सात अंकांची अचूकता. संगणकावर बरोबर आलेले जीपीएसचे गणित बोर्डावर काही मीटरने सरकते ते यामुळे.

६. ६० गुणिले १००० चे उत्तर ‘लाँग’मध्ये ठेवले, तरी −५५३६ कसे आले?

उत्तर ठेवण्याआधीच बिघडले म्हणून. उनो आर३ वर साधा ‘इंट’ (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) १६ बिटांचा असतो: −३२,७६८ ते ३२,७६७. ६० आणि १००० हे दोन्ही ‘इंट’, म्हणून गुणाकारही त्याच मापात होतो. ६०,००० तिथे मावत नाहीत, ६५,५३६ वजा होऊन −५५३६ उरतात आणि मग ते ३२ बिटांच्या ‘लाँग’मध्ये जातात. भांडे मोठे घेतले, पण पाणी आधीच सांडले होते. एका आकड्यामागे ‘यूएल’ हा प्रत्यय लावा, म्हणजे गुणाकारच ३२ बिटांत होईल.

हाच कोड ईएसपी३२ किंवा पिकोवर बिनतक्रार चालतो, कारण तिथे ‘इंट’ ३२ बिटांचा आहे. म्हणून एका बोर्डावरून दुसऱ्यावर कोड नेताना ‘इंट’वर विसंबू नका, ‘इंट१६_टी’, ‘यूइंट३२_टी’ असे माप सांगणारे प्रकार वापरा. मायक्रोपायथनमध्ये पूर्णांक गरजेप्रमाणे वाढतात, त्यामुळे हा प्रश्न येत नाही. त्याची किंमत वेगात आणि मेमरीत मोजावी लागते.

७. बटण एकदा दाबले तरी मोजणी तीन-चारने वाढते. आणि कधी न दाबताही!

हे दोन वेगळे दोष आहेत. न दाबता वाढते, कारण पिन अधांतरी आहे. तिला शून्य की एक, हे सांगणारे कोणी नाही. पिन ‘इनपुट_पुलअप’ (आतल्या रेझिस्टरने एकवर धरून ठेवलेली) करा आणि बटणाचे दुसरे टोक ग्राउंडला जोडा. आता न दाबलेले म्हणजे एक आणि दाबलेले म्हणजे शून्य, हा उलटा हिशेब कोडमध्ये लक्षात ठेवा.

एका दाबण्यात तीन मोजले जातात, कारण आतली धातूची पट्टी टेकताना काही मिलीसेकंद उसळते. बोर्डाच्या वेगाला ती प्रत्येक उसळी नवे दाबणे वाटते. उपाय असा: स्थिती बदलली की वेळ नोंदवा, पुढचे २० ते ५० मिलीसेकंद ती तशीच टिकली तरच खरी माना. वेळ मोजण्याची पद्धत प्रश्न ८ मध्ये आहे. मेकॅनिकल कीबोर्डमध्येही हेच चालते; जुन्या कीबोर्डवर एक अक्षर दोनदा उमटू लागले की स्विचची उसळी ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली असे समजावे.

८. ‘डिले’ वापरू नका असे सगळे का सांगतात? आणि ‘मिलिस’ ४९ दिवसांनी शून्य होतो त्याचे काय?

एकच दिवा लुकलुकवायचा असेल तर ‘डिले’ खुशाल वापरा. पण ‘डिले’ (ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) चालू असताना तुमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा कोड, जागचा हलत नाही. त्या वेळात दाबलेले बटण निसटते आणि सिरियलवर आलेली माहिती छोट्या बफरमध्ये साचून सांडते. दोन कामे वेगवेगळ्या वेगाने करायची झाली की ‘डिले’ पुरा पडत नाही.

पर्याय म्हणजे ‘मिलिस’: बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलीसेकंद. प्रत्येक कामासाठी ‘मागची वेळ’ साठवा आणि लूपच्या प्रत्येक फेरीत विचारा: आत्ताची वेळ वजा मागची वेळ, मुदतीइतकी किंवा जास्त झाली का? झाली तर काम करा आणि मागची वेळ बदला. कोणासाठीच थांबायचे नाही, फक्त घड्याळ बघत जायचे. मोठ्या प्रणालींतला इव्हेंट लूप याच तत्त्वावर उभा असतो, आणि तो समजून घ्यायला तीन दिवे व एक बटण पुरते.

आता ४९ दिवस. ‘मिलिस’ ३२ बिटांचा आहे. ४,२९,४९,६७,२९६ मिलीसेकंद म्हणजे सुमारे ४९.७ दिवसांनी तो शून्यावर येतो. वजाबाकी वर लिहिल्याप्रमाणेच केली आणि दोन्ही वेळा ‘अनसाइन्ड लाँग’ असल्या, तर काहीही बिघडत नाही. चिन्हरहित वजाबाकीत तो वळसा आपोआप धरला जातो. बिघडते ते ‘आत्ता, मागची अधिक मुदत यापेक्षा मोठा आहे का’ असे विचारल्यावर, कारण ती बेरीज शून्याला वळसा घालून लहान होते. बीजगणितात दोन्ही वाक्ये सारखी, बोर्डावर नाहीत. मायक्रोपायथनमध्ये अशी वजाबाकी स्वतः करू नका, ‘टिक्स_डिफ’ वापरा.

९. पायथनमध्ये एक यादी बदलली की दुसरीही आपोआप बदलते. का?

कारण दुसरी यादी नाहीच. ‘ब = अ’ लिहिल्याने नवी यादी तयार होत नाही, त्याच यादीला दुसरे नाव मिळते. प्रत हवी असेल तर यादीचे ‘कॉपी’ वापरा. यादीत आणखी याद्या असतील तर ‘कॉपी’ फक्त वरचा थर वेगळा करते. आतल्या याद्या सामाईकच राहतात. तिथे ‘डीपकॉपी’ लागते.

याचे दोन चोरटे प्रकार आहेत. एका ओळीला ३ ने गुणून तक्ता बनवला, तर तीन ओळी नसतात, एकच ओळ तीनदा दिसते. एका चौकटीत लिहिले की तिन्हीत उमटते. दुसरा प्रकार, फंक्शनच्या पॅरामीटरला रिकामी यादी हे मूलभूत मूल्य देणे. ती यादी फंक्शनची व्याख्या वाचली जाते तेव्हा एकदाच तयार होते आणि पुढच्या प्रत्येक हाकेत मागचा साठा घेऊन येते. तिथे ‘नन’ द्या आणि आत गेल्यावर नवी यादी करा.

१०. छोटा ओएलईडी पडदा जोडला आणि उनो चालेनासा झाला. कंपायलर तर मेमरी शिल्लक आहे म्हणतो.

कंपायलर (कोड चिपच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) सांगतो ते आधीच ठरलेल्या मेमरीपुरते. १२८ गुणिले ६४ ठिपक्यांच्या एकरंगी पडद्याला प्रत्येक ठिपक्यासाठी एक बिट, म्हणजे १०२४ बाइट लागतात. उनो आर३ ची निम्मी रॅम! प्रचलित लायब्रऱ्यांपैकी काही ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागतात, म्हणून ती कंपायलरच्या हिशेबात धरलेली नसते. पडदा सुरू करणाऱ्या फंक्शनचे उत्तर ‘फॉल्स’ येते का हे तपासा. आले तर जागा मिळालेली नाही.

जागा मोकळी कशी करायची? अवतरणचिन्हांतला प्रत्येक मजकूर उनोवर रॅममध्येही उतरतो; तो ‘एफ’ मॅक्रोत घातला की फ्लॅशमध्येच राहतो. शंभर मोजमापांचा ॲरे ‘इंट’ऐवजी एका बाइटात मावत असेल तर शंभर बाइट वाचतात. पडद्यासाठी यू८जी२ लायब्ररीचा पानापानाने रंगवणारा प्रकार घेतला तर १०२४ ऐवजी १२८ बाइटांत भागते. चित्र थोडे हळू उमटते, एवढेच.

११. बोर्ड दोन-तीन दिवस नीट चालतो आणि मग अचानक अडकतो.

तारीख-वेळ पाळून अडकत असेल तर प्रश्न ८. अडकण्याचा काळ दर वेळी वेगळा असेल, तर मेमरीचे तुकडे पडणे हा पहिला संशयित. ‘स्ट्रिंग’ला मजकूर जोडत गेले की दर वेळी नवी, थोडी मोठी जागा घेतली जाते आणि जुनी सोडली जाते. काही वेळाने एकूण जागा पुरेशी असते, पण सलग मिळत नाही. ठरावीक लांबीचा कॅरेक्टर ॲरे आणि ‘एसएनप्रिंटएफ’ वापरा, किंवा निदान ‘रिझर्व्ह’ने आधीच जागा राखून ठेवा. ईएसपी३२ वर दर मिनिटाला दोन आकडे छापा: मोकळी मेमरी आणि सर्वांत मोठा सलग तुकडा. पहिला स्थिर आणि दुसरा घसरत असेल तर तुकडे पडत आहेत. दोन्ही घसरत असतील तर घेतलेली जागा कुठेतरी परत केली जात नाही. वॉचडॉग टायमर लावल्याने बोर्ड पुन्हा सुरू होतो खरा, पण कारण झाकले जाते. तो शेवटी लावावा.

१२. ईएसपी३२ ला ५ व्होल्टचा सेन्सर थेट जोडला तर काय होईल?

कदाचित काही काळ चालेल, आणि तोच धोका आहे. ईएसपी३२ आणि पिको या दोन्हींच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. पिन हळूहळू खराब होते आणि दोष कोडमध्ये शोधला जातो. एचसी-एसआर०४ या अंतर मोजणाऱ्या सेन्सरची ‘एको’ पिन ५ व्होल्ट देते. तिच्यापासून १ किलोओहमचा रेझिस्टर बोर्डाच्या पिनकडे आणि त्या पिनेपासून २ किलोओहमचा ग्राउंडकडे जोडा. पिनेवर सुमारे ३.३ व्होल्ट उरतात. दोन्हीकडून माहिती वाहणाऱ्या तारांना हा उपाय चालत नाही, तिथे लेव्हल शिफ्टर (दोन्ही बाजूंचे व्होल्ट जुळवणारे मोड्यूल) लागतो. दोन्ही उपकरणांचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.

१३. आय२सी सेन्सर सापडतच नाही. पत्ता तर मागे छापला आहे.

आय२सी म्हणजे दोन तारांवर अनेक उपकरणे जोडण्याची पद्धत; त्यात प्रत्येकाला पत्ता असतो. छापलेला पत्ता दोन पद्धतींनी लिहिलेला असतो. अनेक ओएलईडी पडद्यांच्या मागे सोळामानात ७८ छापलेले असते. कोडमध्ये मात्र ३सी द्यावे लागते, कारण ७८ मध्ये वाचन-लेखनाचा बिटही धरला आहे. छापील पत्ता निम्मा करून पाहा, किंवा आय२सी स्कॅनर प्रोग्राम चालवा. स्कॅनरलाही काहीच दिसले नाही, तर एसडीए (डेटा) आणि एससीएल (घड्याळ) या तारांची अदलाबदल झाली आहे का ते बघा आणि पुलअप रेझिस्टर तपासा. दोन्ही तारांना ४.७ किलोओहम सहसा योग्य. उलट, चार-पाच मोड्यूल एकत्र जोडले की प्रत्येकावरचे पुलअप समांतर जोडले जाऊन एकूण रोध फार कमी होतो. एकाच पत्त्याचे दोन सेन्सर असतील तर मोड्यूलवर पत्ता बदलण्याची जागा आहे का ते पाहा (बीएमई२८० ला ७६ आणि ७७ हे दोन पत्ते घेता येतात), नाहीतर टीसीए९५४८ए मल्टिप्लेक्सर घ्या.

१४. वाय-फाय सुरू केले की ॲनालॉग वाचन बंद पडते किंवा बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होतो.

मूळ ईएसपी३२ मध्ये ॲनालॉग वाचणारे दोन विभाग आहेत आणि दुसरा विभाग वाय-फाय स्वतः वापरते. सेन्सर ३२ ते ३९ या पिनांपैकी बाहेर काढलेल्या एखाद्या पिनेवर न्या. त्या पहिल्या विभागाच्या आहेत. यांतल्या ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाही.

पुन्हा पुन्हा सुरू होणे आणि ‘ब्राउनआउट’ असा संदेश म्हणजे विजेची कमतरता. वाय-फाय प्रक्षेपण करताना क्षणभर कित्येक शे मिलीअँपिअर ओढले जातात. निर्माते निदान ५०० मिलीअँपिअर देऊ शकणारा पुरवठा सुचवतात. आखूड, जाड केबल घ्या आणि ३.३ व्होल्ट व ग्राउंड यांच्यामध्ये १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. ब्राउनआउटची तपासणीच कोडमधून बंद करण्याचा सल्ला जागोजागी दिसतो, तो मानू नका. बोर्ड मग बंद न पडता चुकीचे वाचू लागतो. आणि बोर्डाला तुमचे वाय-फाय दिसतच नसेल, तर ते ५ गीगाहर्ट्झवर असेल. मूळ ईएसपी३२ ला फक्त २.४ समजते.

१५. २००० मिलीअँपिअर-तासांच्या बॅटरीवर सेन्सर किती दिवस चालेल?

हे गणित सरासरी प्रवाहाचे आहे. समजा बोर्ड दर १५ मिनिटांनी ५ सेकंद जागा होतो आणि तेव्हा १०० मिलीअँपिअर घेतो. ९०० सेकंदांत पसरले तर सरासरी ०.५६. ईएसपी३२ चिप गाढ झोपेत सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते, म्हणजे ०.०१. एकूण सुमारे ०.५७ मिलीअँपिअर, आणि २००० ला त्याने भागले तर जवळजवळ १४७ दिवस.

प्रत्यक्षात मात्र बॅटरी दोन आठवड्यांत संपते. दोष तुमच्या कोडचा नाही. चिप झोपली तरी बोर्डावरचा रेग्युलेटर (दाब ३.३ व्होल्टवर आणणारा भाग), यूएसबी चिप आणि लाल दिवा जागेच असतात. एएमएस१११७ रेग्युलेटर एकटाच ५ मिलीअँपिअरच्या आसपास खातो. सरासरी ५.५६ झाली, म्हणजे ३६० तास, अवघे १५ दिवस. त्याच रेग्युलेटरला बाहेर देतो त्या दाबापेक्षा एक व्होल्टहून जास्त दाब आत लागतो, त्यामुळे ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवरून तो ३.३ नीट देऊही शकत नाही. बॅटरीसाठीच बनवलेला, झोपेतला प्रवाह छापलेला बोर्ड घ्या, किंवा कमी ड्रॉपआउटचा रेग्युलेटर लावा. मात्र तो प्रश्न १४ मधला क्षणिक प्रवाह पेलेल ना, ते त्याच्या डेटाशीटमध्ये पाहून घ्या. आलेल्या उत्तरातले ७० ते ८० टक्केच धरा. सेल ४.२ व्होल्टवर पूर्ण भरतो. ३ व्होल्टखाली जाऊ देऊ नका आणि संरक्षक सर्किटशिवायचा सेल वापरू नका.

१६. पॉवर बँकवर १०,००० मिलीअँपिअर-तास लिहिले आहे, मिळतात ६,३००. आणि छोटा बोर्ड जोडला की ती बंदच होते!

१०,००० हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आहे. ऊर्जा ३७ वॉट-तास. ती ५ व्होल्टला ७,४०० भरते आणि रूपांतरात १५ टक्के गेली तर सुमारे ६,३००. तुलना नेहमी वॉट-तासांत करा. विमानप्रवासातली १०० ची सर्वसाधारण मर्यादाही त्याच एककात असते.

बंद होते कारण फार कमी प्रवाह जात असेल तर फोन भरला असे समजून ती स्वतःला मिटवते. काही पॉवर बँकांत मंद प्रवाहाचा मोड असतो, बहुधा बटण दोनदा दाबून. तो नसेल तर झोपणाऱ्या बोर्डासाठी पॉवर बँक सोडा आणि प्रश्न १५ कडे वळा.

टाइप-सी केबलींचा गोंधळही इथेच मिटवू. दोन्ही टोके सारखी असली तरी केबली सारख्या नसतात. साधी केबल ३ अँपिअरपर्यंत नेते. ५ अँपिअरसाठी केबलीत ओळख सांगणारी चिप लागते. चार्जरसोबत येणारी जाडजूड केबलही डेटाला ४८० मेगाबिटवर अडलेली असू शकते. आणि एखादा बोर्ड जुन्या ए-टू-सी केबलीने चालतो पण सी-टू-सीने मेलेला वाटतो, तेव्हा त्या बोर्डावर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर गाळलेले असतात. चार्जरला समोर उपकरण आहे हेच कळत नाही.

१७. रास्पबेरी पायचे एसडी कार्ड वारंवार खराब होते.

लिहिणे चालू असताना वीज तोडणे हे मुख्य कारण. ‘शटडाउन’ची आज्ञा द्या, हिरवा दिवा शांत होऊ द्या, मग प्लग काढा. दुसरे कारण अपुरा पुरवठा: पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला पूर्ण क्षमतेसाठी ५ अँपिअर लागतात. पडद्यावर विजेचे चिन्ह दिसले तर दाब पडतो आहे. कधीही वीज जाणाऱ्या जागी पाय ठेवायचा असेल तर सेटिंगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम सुरू करा. कार्डावर लिहिणेच बंद होते आणि बदल रॅमपुरते राहतात. सतत नोंदी ठेवायच्या असतील तर त्या यूएसबीवरच्या एसएसडीवर जाऊ द्या.

१८. टेबलावर कोणती उपकरणे असावीत?

मल्टिमीटर सर्वांत आधी. तारेत सलगता आहे का आणि पिनेवर किती व्होल्ट आहेत, या दोन मोजण्यांतच निम्मे प्रश्न सुटतात. प्रवाह मोजल्यावर लाल प्रोब लगेच व्होल्टच्या जागी परत लावा. विसरून तसाच पुरवठ्याला टेकवला तर फ्यूज जातो. त्यानंतर आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झचा छोटा लॉजिक ॲनालायझर आणि पल्सव्ह्यू हे मुक्त सॉफ्टवेअर. आय२सीवर नेमके कोणते बाइट गेले ते डोळ्यांसमोर येते, आणि प्रश्न ७ मधली उसळीही. आमच्या आवडीचे तिसरे उपकरण म्हणजे ई-पेपरचा पडदा: वीज काढली तरी चित्र तसेच राहते, म्हणून बॅटरीच्या कामाला तो फार गोड बसतो. अंशतः ताजे करण्याने सावल्या साचतात. अधूनमधून पूर्ण ताजा करावा लागतो.

१९. इंटरप्टमध्ये मोजलेला आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो, पण मधूनच ५११ सारखा भलताच येतो.

इंटरप्ट म्हणजे चालू काम थांबवून मध्येच चालणारे फंक्शन. तो व्हेरिएबल ‘व्होलाटाइल’ केला नसेल तर आधी करा, नाहीतर कंपायलर जुनीच प्रत वापरत राहू शकतो. पण ५११ याने जात नाही. ८ बिटांची चिप १६ बिटांचा आकडा दोन घासांत वाचते. आकडा २५५ असताना खालचा बाइट वाचला, तोही २५५. त्याच क्षणी इंटरप्ट आला आणि आकडा २५६ झाला. आता वरचा बाइट १ वाचला गेला. दोन्ही जोडून २५६ अधिक २५५, म्हणजे ५११. इंटरप्ट क्षणभर बंद करा, आकड्याची प्रत घ्या, इंटरप्ट सुरू करा आणि पुढचे काम प्रतीवर करा.

ईएसपी३२ वर ३२ बिटांचे वाचन एका घासात होते, म्हणून हा प्रकार दिसत नाही. तिथे दुसरा आहे: दोन कोअर एकाच वेळी ‘एकने वाढव’ करतात, दोघे तोच जुना आकडा वाचतात आणि एक वाढ हरवते. त्यासाठी क्रिटिकल सेक्शन किंवा ॲटॉमिक प्रकार लागतो. इंटरप्टच्या फंक्शनला ‘आयरॅम_ॲट्र’ लावा, आणि त्यात सिरियलवर छापू नका.

२०. मराठी मजकुराची लांबी चुकीची येते, शोधात शब्द सापडत नाही, आणि छोट्या पडद्यावर वेलांट्या विस्कटतात. हे सगळे एकच आहे का?

मूळ एकच, उपाय तीन. ‘नमस्ते’ वाचणाऱ्याला तीन अक्षरे दिसतात: न, म, स्ते. युनिकोडला सहा चिन्हे दिसतात, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे अठरा. डेटाबेसच्या रकान्याची किंवा संदेशाची मर्यादा यांपैकी कशात मोजली आहे, ते आधी पाहा. मजकूर छाटताना चिन्हांवर छाटू नका, ग्राफीम (वाचणाऱ्याला दिसणारी अक्षरे) मोजणारी लायब्ररी घ्या. नाहीतर शेवटी लोंबणारा ‘स्’ उरतो. ती लायब्ररी नवी असावी: जोडाक्षर एकत्र धरण्याचा नियम युनिकोड १५.१ मध्ये आला, त्यामुळे जुन्या आवृत्त्या ‘क्षि’चे दोन तुकडे करतात.

शोध फसतो कारण दिसायला एकच असलेले अक्षर दोन प्रकारे टंकता येते. ‘ऱ’ हे एक चिन्ह आहे, आणि र अधिक नुक्ता असेही लिहिता येते. साठवण्यापूर्वी एनएफसी सामान्यीकरण केले की दोन्ही एक होतात. ‘ॲ’चे मात्र तसे नाही. ते एकच चिन्ह म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन तेच लिहितात. सामान्यीकरण या दोघांना जोडत नाही. त्यासाठी स्वतःचा बदल-नियम लिहावा लागतो, साठवतानाही आणि शोधतानाही. जुन्या मजकुरात ‘ऱ्य’ साठी र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी तिसरी पद्धतही भेटते. तिचाही नियम त्याच यादीत घाला. क्रमवारीही तपासा: चिन्हक्रमांकानुसार ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, मराठी वर्णमालेत तो ह नंतर असतो. मराठीचे कोलेशन (क्रमवारीचे नियम) निवडल्याशिवाय नावांची यादी बरोबर लागणार नाही.

पडद्याचे दुखणे वेगळे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनानंतर साठवली जाते आणि त्याच्याआधी काढली जाते. जोडाक्षरांचे आकारही जुळवावे लागतात. हे काम संगणकावर हार्फबझसारखे शेपिंग इंजिन करते. बोर्डावरच्या साध्या फॉन्ट लायब्रऱ्या चिन्हे आली तशी ओळीने मांडतात. उपाय असा की ओळ संगणकावर किंवा रास्पबेरी पायवर रंगवा, एकरंगी चित्र करा, ८ ठिपक्यांना एक बाइट या हिशेबाने बोर्डाकडे पाठवा आणि पडद्यावर चित्र म्हणून उमटवा. १२८ ठिपके रुंद आणि २४ उंच अशी ओळ ३८४ बाइटांत बसते. उंची २४ पेक्षा कमी केली तर उकार आणि रफार एकमेकांत मिसळू लागतात. शब्द ठरलेलेच असतील, उदाहरणार्थ ‘तापमान’, ‘आर्द्रता’, ‘बॅटरी’, तर त्यांची चित्रे एकदाच बनवून फ्लॅशमध्ये ठेवा आणि आकडे तेवढे देवनागरी अंकांच्या दहा छोट्या चित्रांतून जुळवा. अंकांना शेपिंग लागत नाही.